दोरीवहिनी

औरंगाबादेतल्या निम्म्या मोटारींत दोरीवहिनी बसलेल्या होत्या, पण त्यातल्या एकाही मोटारीतून त्या कुठं गेल्या नव्हत्या. सरकारी कचेऱ्यांच्या जिपा, गुलमंडीवरच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या, साखर कारखान्याच्या चेअरमनची लांबलचक मोटार, वऱ्हाडाचा टेंपो, सगळ्यांत त्या चपला बाहेर काढून शिरायच्या आणि पुढच्या सीटवर गुडघे टेकून बसायच्या. काम झालं की उतरायच्या. एखादं भलं गिऱ्हाईक म्हणायचं, "वहिनी, चला, घरी सोडतो." त्यावर त्या शेडच्या मागं बोट दाखवायच्या. "घर हे काय, इथंच हाय. कुठं सोडता मला?" आणि पदरानं कपाळ पुसत पुढच्या गाडीकडं वळायच्या.

मुकुंदवाडीला जालना रोडच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. मोटारींच्या समोरच्या आणि मागच्या काचा बसवायचं काम नवरा-बायको मिळून करत. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत. मिस्त्री बाहेर उभे, वहिनी आत. आधी काचेच्या कडेनं रबर चढवायचं. त्या रबराच्या खाचेत एक बारीक, मजबूत दोरी भरायची आणि तिची टोकं गाडीच्या आत सोडायची. मग साबणाचं पाणी लावून काच बाहेरून चौकटीवर टेकवायची. आतल्या माणसानं दोरी हळूहळू ओढत न्यायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावरून उलटून आत येतो आणि चौकट धरून बसतो. त्याच वेळी, नेमक्या त्याच जागी, बाहेरच्यानं तळहातानं काच दाबायची. दोघांची जागा चुकली की कडेला ताण येतो, आणि ताण आला की तेव्हाच्या बहुतेक काचा फुटून साबुदाण्यासारख्या खाली ओघळत. वहिनी दोरी ओढत, म्हणून दोरीवहिनी. त्यांचं खरं नाव द्वारका होतं, हे मला तिथं राहायला लागल्यावर बऱ्याच महिन्यांनी कळलं.

मी अंबडहून मुकुंदवाडीच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले होते. त्यांच्या शेडला लागून एक खोली रिकामी होती. मी विचारायला गेले तेव्हा वहिनी एका जिपेत होत्या. काचेतून मला पाहून त्यांनी मानेनंच थांबा म्हटलं. दोरी पुरी ओढली, मग खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "बाई, तुम्हाला आवाज चालतो का? इथं दिवसभर धपधप असती."

"चालतो," मी म्हणाले.

"मग ऱ्हावा."

एवढ्यावर मला खोली मिळाली. त्या संध्याकाळी त्यांनीच माझी ट्रंक उचलून आत ठेवली, आणि मला काय काय येत नाही याची चौकशी करून घेतली. मला भाकरी थापता येत नव्हती. "शिकवते," त्या म्हणाल्या. शिकवलीही, पण माझ्या भाकरीला त्या शेवटपर्यंत नकाशाच म्हणत राहिल्या.

गाडीत शिरण्याआधी त्यांची एक तयारी असे. साबणाच्या पाण्यात मनगट बुडवून त्या हातातल्या हिरव्या बांगड्या झटकन उतरवत आणि गाडीच्या गिअरच्या दांड्याला अडकवून ठेवत. दोरी ओढताना बांगडी फुटली तर तिचा तुकडा रबरात जाऊन बसतो आणि पुढं कधीतरी काचेला खातो, म्हणून. वस्तीतल्या काही बायकांना हे बघवत नसे. नवरा समोर उभा असताना बाईचे मोकळे हात! एकदा एक म्हातारी तोंडावरच बोलली. वहिनी आतूनच मिस्त्रींकडं बोट दाखवत म्हणाल्या, "मावशी, ह्यो बघा, उभाय माझ्या बांगड्यांचा मालक. त्यालाच इचारा, काम पायजे का बांगड्या." मिस्त्री इतके लाजले, की उगाचच गाडीच्या मागं जाऊन चाकं तपासू लागले.

माणसांची नावं वहिनींच्या ध्यानात राहत नसत, काचा राहत. "आज डाव्या कोपऱ्यात गळणारे आलते," असं त्या म्हणाल्या की ते तहसीलदार असत. एका डॉक्टरांच्या काचेला मधोमध तडा होता आणि ते ती बदलायची टाळाटाळ करत, त्यांना त्या 'चिरलेले डॉक्टर' म्हणत. एके दिवशी हे त्या डॉक्टरांनी स्वतः ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी काच बदलायला गाडी पाठवली. माझं नाव त्यांनी माझ्यामागं काय ठेवलं असेल, याची मला उगाच धास्ती वाटे. शेवटी ते कळलं. चहा पिताना माझ्या चष्म्यावर वाफ धरायची, म्हणून मी 'वाफवाल्या बाई' होते. ऐकून बरंच हायसं वाटलं, कारण मी ह्याहून वाईटाची तयारी ठेवली होती.

हिवाळ्यात त्या रबरं खाटेवर उन्हात घालत. मऊ पडली की साबणाच्या पाण्यानं तान्ह्या पोराला तेल लावावं तशी चोळत बसत. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणत, "थंडीत रबर आखडतंय, माणसावानी. ऊन दाखवलं की ऐकतंय. जबरदस्ती केली तर फाटून हातात येईल, मग तुमी अन् तुमचं नशीब."

मिस्त्री अगदी उलट. ते बोलतच नसत म्हटलं तरी चालेल. शिवाय बंद गाडीत बाहेरचं काही धड ऐकू येत नाही. मिस्त्री काचेवर जिथं तळहात ठेवत, तिथं वहिनी दोरी ओढत. हात पुढं सरकला की दोरी पुढं. मी कितीदा तरी पायरीवर वह्या तपासत बसले असताना ते बघितलं आहे. एकदा सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. म्हणजे भांडत वहिनी होत्या, मिस्त्री नुसते उभे होते. तासाभरानं बघते तर दोघं एका टॅक्सीची काच बसवत होते आणि वहिनी हसत होत्या. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भांडन टिकवावं कसं, बाई? ह्यांनी काचेवर हात ठेवला की मला दोरी ओढावीच लागती."

एका हिवाळ्यात, संक्रांतीच्या सुमारास, मिस्त्री सकाळी उठायला गेले आणि खाटेवरून खालीच पडले. उजवा हात, उजवा पाय हलेना. तोंड वाकडं झालं होतं. काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते, पण घशातून नुसता आवाज येत होता. रस्त्यापलीकडं अन्वरभाईंचं पंक्चरचं दुकान होतं. पैलवानी अंगाचे, मनानं मऊ असे गृहस्थ. वहिनींची हाक ऐकून ते धावत आले, मिस्त्रींना दोन्ही हातांवर उचललं आणि रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. लकवा होता.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी शाळेतून परस्पर दवाखान्यात गेले. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात वहिनी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. मनगटावर एकही बांगडी नव्हती.

शेडमध्ये ते हात मी रोज तसे पाहिले होते. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात मोकळ्या हातांचा अर्थ वेगळा होता. मी भिंतीशी असलेल्या बाकावर बसले. वहिनींनी वळून पाहिलं.

"काय झालं बाई? चक्कर आली का? पानी आनू?"

मी नुसती त्यांच्या हातांकडं बघत राहिले. त्यांनी माझ्या नजरेमागं नजर नेली, स्वतःच्या मनगटांकडं पाहिलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

"अगं माय! तसं काय नाय, बाई, तसं काय नाय!" त्यांनी घाईघाईनं पदराची गाठ सोडून बांगड्या दाखवल्या. "ह्या बगा. ह्यांच्या हाताला तेल चोळायले मी. बांगड्या टोचत्यात म्हनून काढल्यात. ते आत पेज प्यायलेत."

मी तोंडावर रुमाल धरून रडू लागले आणि वहिनी हसू लागल्या. त्यांना हसू आवरेना. नर्सबाई बाहेर येऊन ओरडल्या, हा दवाखाना आहे का तमाशा. तरी वहिनी पदर तोंडात कोंबून हसतच होत्या. इतक्या दिवसांत कुणी त्यांना हसायला कारणच दिलं नव्हतं.

मिस्त्री घरी आले. काठीच्या आधारानं पाय ओढत अंगणापर्यंत येऊ लागले. उजवा हात मात्र तसाच लोंबता राहिला. डॉक्टर म्हणाले होते की वाचा परत येईल, त्यांना बोलतं ठेवा. वहिनी सकाळपासून त्यांच्याशी बोलत. भाजीचा भाव, रस्त्यावरची गाडी, माझ्या नकाशासारख्या भाकऱ्या, जे सुचेल ते. मिस्त्री भिंतीकडं तोंड करून पडून राहत. शेडमध्ये तर ते पाऊलच टाकत नव्हते. एकदा वहिनींनी हाताला धरून तिकडं न्यायचा प्रयत्न केला, तर त्यांनी दारातच काठी रोवली आणि लहान मुलासारखी मान हलवत राहिले.

गिऱ्हाइकं यायची, बंद शेड बघून परत जायची. "आत मी बसंन," वहिनी म्हणायच्या, "पन बाहेर कोन उभं ऱ्हाईल?"

मग चितेगावकडून त्यांचे धाकटे दीर आले. शेती सांभाळणारे, साधे, सरळ गृहस्थ. त्यांनी भावाच्या पायाशी बसून डोळे पुसले आणि जेवताना वहिनींना म्हणाले, "वहिनी, इथं काय ऱ्हायलं आता? दादाला घेऊन गावाकडं चला. तुमाला मूल ना बाळ, कोनासाठी शेड धरून बसता? घरात दोन घास कमी पडनार नायत."

त्यात खोट काहीच नव्हती. वहिनींनी त्यांना आणखी एक भाकरी वाढली. "भाऊजी, होळीपर्यंत बघते," एवढंच म्हणाल्या.

ते गेल्यावर त्या माझ्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. "मानूस चांगलाय," त्या म्हणाल्या. "पन बाई, तिथं ह्यांना बघाया लोक येतील. इथं ह्यांना काम दाखवाया येत्यात. तिथं गेले की हे खाटंवरच म्हातारे व्हतील." थोडा वेळ त्या पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिल्या. "अन् मी बी."

होळी तोंडावर आली होती, तेव्हा एका सकाळी वकीलसाहेब आले. हे खडकेश्वरला राहत. पोलीस ॲक्शन होऊन निजामी संपली, त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या वडिलांनी एक काळी लँडमास्टर मोटार घेतली होती. वडील जुन्या राज्यात उर्दूतून कारभार करणारे कारकून होते. नव्या राज्यात मुलगा वकील झाला, त्या आनंदात त्यांनी ती गाडी घेतली होती. वकीलसाहेब आता स्वतःच आजोबा झाले होते, पण दर रविवारी ती गाडी बाहेर काढत. पावसाळ्यात दौलताबादच्या रस्त्यावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला आणि तिची समोरची काच गेली. तसली गाडी निघायची बंद होऊन किती काळ लोटला होता. काच कुठं मिळेना. अखेर हैदराबादच्या एका भंगारवाल्याकडं एक निघाली. ती गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून ते रिक्षानं घेऊन आले होते. मिस्त्रींचं त्यांना काहीच कळलेलं नव्हतं.

अंगणात काठी धरून बसलेल्या मिस्त्रींना पाहून ते थबकले. जवळ गेले, त्यांच्या डाव्या हातावर हात ठेवून उभे राहिले. मग वहिनींना म्हणाले, "वहिनी, राहू द्या. मी नंतर कधी तरी बघतो. गाडी काय, उभी आहे, उभी राहील."

वहिनींनी गोधडीवर हात ठेवला. "कुठं घिऊन जाता परत? खड्ड्यांच्या रस्त्यानं? आत ठेवा."

"पण करणार कोण?"

"रैवारी गाडी आना. सकाळी, ऊन पडल्यावर."

वकीलसाहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा मिस्त्रींकडं. मग ती काच स्वतःच्या हातानं शेडमध्ये नेऊन उभी केली. त्यांचं हे मला फार आवडलं.

ते गेल्यावर मी विचारलं, "वहिनी, बाहेर कोण?"

"मी."

"आणि आत?"

"अन्वरभाईला सांगते."

"आणि फुटली तर?"

वहिनींनी खराटा घेतला आणि दीड-दोन महिन्यांची धूळ साचलेली शेड झाडायला लागल्या.

रविवारी वकीलसाहेब आले ते बघण्यासारखं होतं. समोर काच नसलेली गाडी चालवत, डोळ्यांना काळा चष्मा, कानाला मफलर, तोंडावर धुळीचा थर. एरवी वहिनींनी त्यांना लगेच नाव ठेवलं असतं, पण त्या दिवशी त्या हसल्याही नाहीत. तसल्या गाडीचं रबर मिळत नव्हतं, म्हणून त्यांनी दुसऱ्या गाडीचं रबर मापानं कापून, चिकटवून तयार केलं होतं आणि ते सकाळपासून उन्हात पडलं होतं. मिस्त्रींची खुर्ची शेडच्या दाराशी लिंबाखाली ठेवली होती. त्यांनी ती काठीनं ढोसत ढोसत रस्त्याकडं वळवून घेतली आणि आमच्याकडं पाठ करून बसले.

अन्वरभाई आत बसले. वहिनी जन्मात पहिल्यांदा काचेच्या बाहेरच्या बाजूला उभ्या राहिल्या. माझ्या हातात साबणाच्या पाण्याचा मग होता. रबर चढवलं, दोरी भरली, आणि मी, वकीलसाहेब आणि वहिनी अशा तिघांनी धरून काच चौकटीवर टेकवली. खालची कड चांगली बसली. अन्वरभाई दोरी ओढत होते, वहिनी तळहातानं ठोकत होत्या, रबराचा ओठ गपगप आत जात होता. वकीलसाहेबांचा श्वास मोकळा होताना मला ऐकू आला.

मग कोपरा आला. अन्वरभाईंच्या हातात ताकद फार. दोरी जरा अडली म्हणून त्यांनी जोर लावला, आणि दोरी वहिनींच्या हाताच्या पुढं निघून गेली. काचेतून आवाज आला. कर्रर्र.

सगळे होतो तिथं थिजलो. वकीलसाहेबांनी डोळेच मिटून घेतले. वहिनी दोन्ही हात काचेवर पसरून, हात काढला तर ती ओघळेल अशा उभ्या. अन्वरभाईंचा चेहरा आतून पांढराफटक दिसत होता.

तेवढ्यात पाठीमागून खणखणाट सुरू झाला. मिस्त्री काठीनं खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर बडवत होते. त्यांची मान आमच्याकडं वळलेली होती. आम्ही पाहतोय म्हटल्यावर त्यांनी काठी टाकून दिली, डावा हात वर केला आणि तळवा उघडून धरला. थांबा. मग त्याच हातानं आधी स्वतःच्या छातीवर थापटलं आणि मग गाडीकडं बोट केलं.

सगळ्यांत आधी अन्वरभाईंच्या ध्यानात आलं. दार उघडून ते ओरडले, "भाभी, मिस्त्री कू अंदर बैठना है बोलके इशारा कर रहे!"

वहिनींनी मान वळवली नाही. काचेकडंच बघत म्हणाल्या, "बसवा त्यांना."

अन्वरभाई आणि वकीलसाहेब, दोघांनी मिळून मिस्त्रींना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. अन्वरभाई मागच्या सीटवर गेले आणि त्यांचे खांदे धरून बसले. मिस्त्रींनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि मधे येणारी एखादी वस्तू बाजूला ठेवावी तसा मांडीच्या कडेला ठेवला. मग दोरीचं टोक मनगटाला एक वेढा देऊन धरलं. आणि ओढलं नाही. नुसते काचेकडं बघत राहिले.

वहिनी घाबरल्या होत्या. इतकी वर्षं त्या मिस्त्रींच्या हाताच्या मागोमाग गेल्या होत्या. आता हात त्यांना ठेवायचा होता. त्यांचा तळवा काचेवर टेकला, उचलला, थोडा वर टेकला, पुन्हा खाली आला. शेवटी त्यांनी तो कोपऱ्याच्या अलीकडं, दोरी पुढं पळाली होती तिथंच, दाबून ठेवला. मिस्त्रींनी दोरी आधी सैल केली आणि अगदी तेवढीच ओढली. रबर आत गेलं. काच गप्प राहिली. वहिनींचा हात बोटभर सरकला. दोरी बोटभर निघाली.

मी नंतर पुष्कळ आठवून पाहिलं, त्या वेळी कुणी काही बोललं का. नाही. जालना रोडवरून ट्रक जात होते, त्यांचाच आवाज. कोपरा बसला. उभी कड बसली. दोरी वरच्या कडेच्या मधोमध आली आणि मिस्त्री थांबले.

वहिनींनी तळवा दोनदा आपटला. दोरी हलली नाही. मला वाटलं, हात दमला. मिस्त्रींचे ओठ हलत होते. चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली, अन्वरभाई मागून घाबरून "आराम से, मिस्त्री, आराम से" म्हणायला लागले, आणि वरच्या उघड्या फटीतून एक शब्द बाहेर आला.

"सा… साबन!"

मी साबणाच्या पाण्याचा मग हातात धरून तशीच उभी.

"अवो बाई, साबन म्हनलेत ते!" वहिनी ओरडल्या. "साबन! ऐकलं का? रबर वाळलंय! ओता की!" त्या हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला त्यांनी काचेवरचा हात काढला नाही. मी पाणी ओतलं. इतकं ओतलं की वकीलसाहेबांचे बूट भरले. त्यांना ते कळलंही नाही.

दोरीचं शेवटचं टोक टपकन सुटून मिस्त्रींच्या हातात आलं. त्यांनी ते वर धरून दाखवलं. वकीलसाहेबांनी विचारलं, "बसली?"

"बसली," वहिनी म्हणाल्या, आणि मडगार्डाला टेकून खाली जमिनीवर बसल्या.

मग आम्ही पाईप लावून काचेवर पाणी सोडलं. वकीलसाहेब आत बसून सगळ्या कडेनं बोट फिरवत होते. खालच्या कोपऱ्यात, रबराच्या जोडाशी, एक थेंब आला. ते तो बोटावर घेऊन वहिनींना दाखवायला बाहेर आले, तक्रार म्हणून नव्हे, नवल म्हणून. तोवर वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. "ऱ्हाऊ द्या तेवढं," त्या म्हणाल्या. "जुनं मानूस हाय, डोळ्याला पानी येनारच." मिस्त्री गाडीतून उतरायला तयार नव्हते. त्यांनी चहा आतच घेतला.

होळीला दीर आले ते टेंपो घेऊनच. वहिनींनी त्यांना पोटभर पुरणपोळी वाढली, गावच्या पोरांसाठी डबा भरून दिला आणि शेडकडं नेलं. तिथं एका मेटॅडोरमध्ये मिस्त्री बसले होते, आणि अन्वरभाई मागून त्यांचे खांदे धरून. दीर बराच वेळ उभे राहून बघत राहिले. मग टेंपोवाल्याला म्हणाले, "चल, मोकळाच घे."

मिस्त्रींची वाचा हळूहळू परत आली. आधी साबण, मग पाणी, मग शिव्या. उच्चार वाकडे होते, पण आधीपेक्षा ते किती तरी जास्त बोलू लागले. वहिनी म्हणायच्या, "आधी माझा नवरा मुका होता, आता बोबडा झालाय. फायदाच झाला म्हनायचा." थोड्याच महिन्यांत मिस्त्रींना खांदे धरायला कुणी लागेना. ते आत, वहिनी बाहेर, हे कायमचं झालं. दोरी आता मिस्त्रींच्या हातात असायची, तरी दोरीवहिनी हे नाव वहिनींकडंच राहिलं. वकीलसाहेब रविवारी जाता-येता शेडसमोर हॉर्न वाजवून जात.

माझ्यावर त्या दोघांचा परिणाम झाला तो शाळेत. वाचताना एखादं मूल शब्दाशी अडलं की मी तो शब्द त्याला सांगून टाकत नाही. त्याच्या ओळीवर बोट ठेवते आणि थांबते. पुष्कळदा तास संपायला येतो, मागच्या बाकांवर गडबड सुरू होते. तरी थांबते. शब्द येतो.

काही वर्षांनी माझी बदली परभणीकडं झाली. निघायच्या दिवशी वहिनी मला पोचवायला मुकुंदवाडीच्या स्टेशनवर आल्या. छोटं स्टेशन, पॅसेंजर थांबायची तेवढीच. गाडीला वेळ होता. आम्ही लिंबाच्या सावलीत माझ्या ट्रंकेवर बसलो. बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं. मग वहिनी अचानक म्हणाल्या, "बाई, एक सांगायचं ऱ्हायलं. त्या रैवारी काच फुटली असती ना, तर मी त्याच सांजंला गावाकडं जानार व्हते."

"त्याच दिवशी?"

"व्हय. दोन बोचकी बांधून खाटंखाली सारली व्हती. भांडी-कुंडी, कपडे, समदं. ह्यांना बी ठावं नवतं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? तुमी समदे काचेवर पानी सोडत व्हता, तवा मी आत गेले. बोचकं सोडलं, पातेलं काढलं अन् चहा ठेवला." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "इतका गोड चहा मी कधी केला नसंल. निम्मी साखर हातातून सांडली, ती बी त्यातच घातली."

गाडी आली. वहिनींनीच ट्रंक उचलून डब्यात टाकली, मला खिडकीजवळ जागा धरून दिली आणि खाली उतरून खिडकीच्या गजांतून माझा हात धरला. मग हात सोडून म्हणाल्या, "मी जाऊ का, बाई? सकाळी एक जीप आलीय. ते आत जाऊन बसलेत, दोरी हातात धरून. मी गेल्याबिगर काय करतील?"

"जा," मी म्हणाले. "जा ना."

गाडी हलायच्या आधीच त्या निघाल्या. पदर कमरेला खोचत फलाटावरून उतरल्या आणि जवळजवळ पळतच रस्त्याला लागल्या. मागं वळून त्यांनी एकदाही पाहिलं नाही. शिट्टी झाली तेव्हा फलाटावर मला हात हलवायला कुणीच नव्हतं, आणि मला फार हलकं वाटलं.